इन्सुलिनच्या वापरलेल्या सुया: बाटली, पत्र्याचा डबा की सुई जाळायचं मशीन?

दिवसातून दोनदा इन्सुलिन घेणारं एक माणूस घरात असलं की महिन्याला 60 सुया निघतात. खेड्यात त्या बहुधा उकिरड्यावर पडतात. तिथून शेणखतासोबत बंडीत भरून वावरात जातात आणि खत पसरणाऱ्या बाईच्या बोटात नाहीतर अनवाणी पायात शिरतात. चुलीत टाकली तर प्लास्टिक जळतं, सुई राखेतच राहते. तीच राख पुढं भांडी घासायला घेतली जाते. संडासाच्या खड्ड्यात टाकली तर खड्डा उपसणाऱ्याला लागते. म्हणजे डबा लागणारच, फक्त कोणता ते ठरवायचं.

पाण्याची किंवा थंडपेयाची पातळ बाटली बाद. जरा दाबली गेली की सुई बाहेर येते. काच फुटते, तीही नको.

पत्र्याचा डबा सुईला दाद देत नाही. पण दाबून बसवायचं झाकण डबा पडला की उघडतं आणि पावसाळ्यात पत्रा गंजतो. शिवाय खाऊचा डबा समजून पोरं हात घालतात. हाच वापरायचा असेल तर झाकणाला वरून फट पाडा आणि कडेनं चिकटपट्टी मारून ते कायमचं बंद करा.

कापूस-सोयाबीनच्या घरी कीटकनाशकाचा रिकामा डबा हाताशी असतोच. जाड, घट्ट झाकणाचा, त्यामुळे मोह होतो. तो घेऊ नका. धुतला तरी आत औषधाचा अंश राहतो, आणि हा डबा रोज हाताळायचा, तोही स्वयंपाकघराच्या आसपास.

आमची पसंती जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या फिनाईलच्या बाटलीला किंवा 5 लिटरच्या तेलाच्या कॅनला. खर्च शून्य. सिरिंज लांबट असल्यानं 1 लिटरची बाटली लवकर भरते, तेव्हा सिरिंजवाल्यांनी कॅनच घ्यावा. इन्सुलिन पेनच्या सुया इवल्याशा, त्यांना बाटली कितीतरी महिने पुरते. पाऊण भरली की थांबा, झाकण लावून चिकटपट्टी गुंडाळा आणि वर ‘वापरलेल्या सुया, उघडू नये’ असं लिहा. एका डब्यातल्या सुया दुसऱ्यात ओतू नका.

दवाखान्यात असतो तसा पांढरा, अर्धपारदर्शक डबा सर्जिकलच्या दुकानात विकत मिळतो. घरी सलाईन किंवा ड्रेसिंगही चालत असेल तर तो घेण्यात अर्थ आहे. नुसत्या इन्सुलिनसाठी गरज नाही.

सुई जाळणाऱ्या मशीनला वीज लागते, म्हणजे भारनियमनात सुई तशीच पडून राहणार. ठिणगी उडते, त्यामुळे ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाजवळ ते नकोच. सुईचं थोटूक उरतं, ते टाकायला पुन्हा डबा हवाच! हब कटरचंही, म्हणजे सुई बुडाशी कापणाऱ्या यंत्राचंही तेच.

डबा कोणताही असो, टोचतं ते अनेकदा टोपण परत लावताना. सिरिंजला टोपण लावूच नका. टोचून झालं की थेट डब्यात, म्हणून डबा इंजेक्शनच्या जागीच हवा, मुलांच्या हाताला लागणार नाही असा. पेनची सुई मात्र काढावीच लागते. मोठं टोपण टेबलावर ठेवा, एकाच हातानं पेन त्यात घाला, मग फिरवून सुई काढा. सून किंवा मुलगा इंजेक्शन देत असेल तर हे शिकवाच. स्वतःची सुई स्वतःला लागण्यापेक्षा दुसऱ्याची लागणं जास्त धोक्याचं.

भरलेला डबा भंगारवाल्याला किंवा घंटागाडीत नको. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी विचारा. तिथल्या सुयांची विल्हेवाट लागते तिथेच तुमच्याही जाऊ द्या. आशाताईंकडून निरोप पाठवला तर फेरी वाचते.

तरीही सुई लागलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, हळद किंवा स्पिरिट भरू नका. हिपॅटायटिस बीचे डोस झालेले नसतील तर हा धोका सगळ्यात मोठा, म्हणून काळजी घेणाऱ्यानं 0, 1 आणि 6 महिन्यांचे तीन डोस आधीच घेतलेले बरे. सुई कोणाची ते माहीत नसेल तर लगेच सरकारी रुग्णालय गाठा: एचआयव्ही रोखणारी औषधं पहिल्या 2 तासांत सुरू झाली तर उत्तम. 72 तास उलटल्यावर ती देत नाहीत.