पोहे-जिलबीच्या दुकानात क्रेडिट कार्ड

यूपीआयला रुपे क्रेडिट कार्ड जोडायची सोय २०२२ मध्ये आली. घरचा किराणा, औषधं, विजेचं बिल एवढ्यासाठी मी असं एक कार्ड वापरते आणि त्या कामाला ते छान आहे. इंदूरच्या मारोठिया बाजारात ज्या छोट्या दुकानात कार्डाचं मशीन नसतं, तिथेही क्यूआर कोड असतो, तेवढ्यावर भागतं. पैसे फक्त दुकानदाराला जातात, ओळखीच्या माणसाला पाठवता येत नाहीत. हे बंधन मला आवडलं.

तरी पाचपैकी तीनच तारे देते. कारण माझा भाचा.

तो विजयनगरला राहतो, नोकरी चांगली आहे. बिल वाढत चाललं म्हणून स्टेटमेंट घेऊन आला. म्हणाला, "मावशी, मी मोठं काही घेतलंच नाही गं." आणि खरंच नव्हतं घेतलं. ओळीओळीने वाचलं तर छप्पन दुकानचे पोहे-जिलबी, सराफ्यात भुट्ट्याचा कीस नि गराडू, शिकंजी, मित्रांचे चहा, रात्री मागवलेलं जेवण. पूर्वी हे खिशातल्या नोटांतून जायचं आणि नोटा संपल्या की माणूस घरी यायचा. आता खात्यातली शिल्लकही हलत नाही, मग हात आखडणार कसा?

बिलाचा आकडा बघून सवय कळत नाही. पगार येताच गेल्या महिन्याच्या बिलात जातो आणि चालू महिना पुन्हा कार्डावर काढावा लागतो, तेव्हा समजावं.

सगळ्यात जास्त राग मला 'किमान देय रक्कम' या ओळीचा येतो. समजा बिल २०,००० रुपये आहे आणि तुम्ही किमान म्हणून १,००० भरले. उरलेल्या १९,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास ७८५ रुपये पुन्हा चढले. भरलेल्या हजारातून कर्ज सव्वादोनशेही उतरलं नाही. प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं, त्यामुळे आकडा याहून मोठा. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांवरही व्याज सुरू! मुलांना हे कोणी नीट सांगतच नाही.

आता उपाय. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक कार्डाला ऑनलाइन, मशीनवरचे, परदेशी असे व्यवहार वेगवेगळे बंद-चालू करायची आणि त्यांची मर्यादा ठरवायची सोय द्यावीच लागते. भाच्याच्या अ‍ॅपमध्ये ती 'सेवा' या भागात पार तळाशी सापडली. ऑनलाइन बंद केलं, एकूण मर्यादा कमी करायला बँकेला लेखी कळवलं, यूपीआयमध्ये बचत खातं पहिलं ठेवलं आणि पूर्ण बिल आपोआप भरलं जाईल अशी सूचना दिली. त्याच्याकडे दुसरंही कार्ड होतं, ते बाकी चुकवून बंद करायला टाकलं. थकबाकी नसेल तर अर्जापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेला बंधनकारक आहे. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तिने ग्राहकाला द्यायचे. टाळाटाळ झाली तर हे ठामपणे सांगा.

चौथा तारा मी एका गोष्टीसाठी राखून ठेवलाय: पिन टाकायच्या आधी या महिन्यात आतापर्यंत किती खर्च झाला, ते त्याच पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसलं पाहिजे. आज त्यासाठी बँकेचं अ‍ॅप वेगळं उघडावं लागतं, आणि दुकानात रांगेत उभं राहून ते कोणी उघडत नाही.