पोपांच्या इतिहासाचा पहिला खंड: पुस्तक उत्तम, सूची गायब

किंमत, पानं, बांधणी विक्रेत्याने वर दिलेलीच आहे, ती पुन्हा सांगत बसत नाही. संच तीन खंडांचा आहे, खंड सुटे मिळतात आणि पहिला खंड येशूचा शिष्य पेत्र (परंपरेने पहिला पोप) याच्यापासून ग्रेगरी पहिला (590 ते 604) याच्यापर्यंत येतो, हेही तुम्ही वाचलं असेल. जे कुठेही लिहिलेलं नाही ते मी सांगतो. या खंडाला सूची नाही! तिन्ही खंडांची मिळून एकच सूची, आणि ती तिसऱ्याच्या शेवटी. म्हणजे पहिल्या खंडात कार्थेजचा बिशप सिप्रियन कुठे आलाय हे बघायला आणखी साडेअठराशे रुपये मोजायचे. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, "सर, पूर्ण संच घेतल्यास पंधरा टक्के सूट मिळेल."

माझी सगळी नोकरी आवक-जावक विभागात गेली. कागद असून सापडत नसेल तर तो नसल्यातच जमा, हे साहेबलोकांना सांगता सांगता निवृत्त झालो. तेव्हा या एका मुद्द्यावर मी जरा जास्तच तापलोय असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

सुरुवातीला दोन तारे दिले होते. सूचीखेरीज त्याला आणखी एक कारण होतं, ते म्हणजे पहिली शे-सव्वाशे पानं. सगळीकडे 'असावं', 'संभवतं', 'परंपरा सांगते'. पेत्र रोममध्ये नीरोच्या काळात मारला गेला, व्हॅटिकन टेकडीवर पुरला गेला, ही परंपरा. साधारण 96 साली रोमहून ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती लोकांना खरमरीत पत्र गेलं. ते क्लेमेंटचं म्हणून प्रसिद्ध, पण आत क्लेमेंटचं नावच नाही, पत्र रोमच्या मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती समुदायाच्या नावाने आहे. अंत्युखियाचा इग्नेशियस रोमकरांना लिहितो, त्यात तिथल्या बिशपचा, म्हणजेच पोपचा, उल्लेखसुद्धा नाही. रोमच्या बिशपांच्या नावांची यादी हाती येते ती ल्योंचा बिशप इरेनियस याच्याकडून, 180 च्या सुमारास. लायनस, अनाक्लेटस, क्लेमेंट अशी. रोममध्ये एकच बिशप सर्वांवर, ही पद्धत बहुधा दुसऱ्या शतकाच्या मध्याला रुळली, असं लेखकाचं म्हणणं.

पहिल्या वाचनात हे फार चाचरत लिहिल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना मत बदललं. जिथे कागद नाही तिथे हा माणूस गप्प बसतो, आणि जिथे कागद आहे तिथे मात्र सोडत नाही. (वसईच्या एका मित्राला ही नावं वाचून दाखवली तर तो म्हणाला, अरे, ही तर आमच्या मिस्साच्या प्रार्थनेत येतात, त्यात नवीन काय! रोमन प्रार्थनेच्या जुन्या पाठात लायनस, क्लीटस म्हणजेच अनाक्लेटस, क्लेमेंट आणि पुढे कॉर्नेलियस-सिप्रियन खरंच ओळीने येतात.)

कागद म्हणजे कसले? 251 साली पोप कॉर्नेलियसने अंत्युखियाच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात रोमच्या मंडळीचा चक्क आस्थापना तक्ता आहे: 46 धर्मगुरू, 7 डीकन (धर्मगुरूंखालचे सेवाधिकारी), 7 उपडीकन, 42 सेवक, वाचक, द्वारपाल आणि भुतं काढणारे मिळून 52, शिवाय मंडळी पोसत असलेल्या विधवा आणि गरजू 1,500 च्या वर. ख्रिस्ती धर्माला मान्यता देणारा सम्राट कॉन्स्टंटाइन यायला अजून साठ वर्षं आहेत, धर्म बेकायदा आहे, वर्ष-दीड वर्षापूर्वी छळ सुरू झालाय, आणि यांच्याकडे दीड हजार माणसांची नोंद तयार! रोमच्या ताकदीचं मूळ मला या पत्रात दिसलं. 'तू पेत्र आहेस, या खडकावर मी माझी मंडळी रचीन' हे येशूचं वचन पोप स्टीफन पहिला याने सिप्रियनशी भांडताना पुढे केलं ते यानंतर चार-पाच वर्षांनी.

पुढचा नमुना 385 सालचा. स्पेनमधल्या तारागोनाच्या हिमेरियस नावाच्या बिशपने पोप डमाससला शंका विचारणारं पत्र पाठवलं. पत्र पोचलं तोवर डमासस वारलेला. नवा पोप सिरिसियस याने आधीच्याचं प्रलंबित प्रकरण बाहेर काढलं, मुद्देनिहाय उत्तर दिलं, आणि वर लिहिलं की हे शेजारच्या प्रांतांच्या बिशपांनाही कळवा. बादशाही हुकमाच्या भाषेतलं पोपचं हे पहिलं जपलं गेलेलं आदेशपत्र. एका परगावच्या माणसाच्या चौकशीला उत्तर देता देता परिपत्रक निघालं. डमाससच्या निवडणुकीत 366 साली एका चर्चमध्ये एका दिवसात 137 प्रेतं पडली होती, त्यावर लेखकाने बरीच पानं खर्च केली आहेत. मला सिरिसियसची चार पानं जास्त आवडली.

आता या खंडातलं सर्वांत सुंदर प्रकरण. उत्तर आफ्रिकेत सिक्का गावचा अपियारियस नावाचा धर्मगुरू. बिशपने त्याला बहिष्कृत केलं, त्याने थेट रोमकडे दाद मागितली. पोप झोसिमस (417-418) याने वकील पाठवले आणि अपील ऐकायचा आपला अधिकार 325 च्या निकाईया परिषदेच्या (बिशपांची पहिली मोठी सभा) नियमांत आहे असं कळवलं. आफ्रिकेच्या बिशपांनी आपल्याकडची प्रत काढली, त्यात तसा नियम नाही. ते रागावले नाहीत, भांडलेही नाहीत. त्यांनी अलेक्झांड्रिया आणि कॉन्स्टँटिनोपलहून नकला मागवल्या! 419 मध्ये नकला आल्या, त्यांतही नियम नाही. तो होता 343 च्या सार्डिका (आजचं सोफिया) इथल्या परिषदेचा. रोमच्या दप्तरात निकाईयाच्या नियमांखाली सार्डिकाचे नियम मध्ये मथळा न घालता उतरवलेले होते, आणि रोम ते सगळे निकाईयाचेच समजत आलं होतं. अपियारियसने मात्र पुढे भर सभेत आपले गुन्हे स्वतःच कबूल केले आणि सगळ्या वकिलांचे कष्ट वाया घालवले.

नेमकं हे प्रकरण परत वाचायचं म्हणून मी संध्याकाळभर पानं उलटत होतो. सूची नाही ना!

याच सुमारास विक्रेत्याकडून तिसऱ्या खंडातल्या सूचीची पीडीएफ आली, तक्रार वरपर्यंत नेल्यावर. आनंद झाला. उघडून बघतो तर पृष्ठांक जुन्या आवृत्तीचे, एकही जुळेना. परत लिहिलं, उत्तर नाही. शेवटी जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांवर स्वतः सूची केली. तिचा फोटो खाली जोडलाय, अक्षर लागलं तर वापरा.

लिओ पहिला (440-461) वाचायला लोक येतात ते हूणांचा राजा अटिला याच्यासाठी. 452 साली लिओ त्याला भेटला, ती भेट दीड पानात उरकली आहे. लिओबरोबर दोन बडे रोमन अधिकारीही होते आणि हूणांच्या छावणीत दुष्काळ व रोगराई होती, हे लेखक शांतपणे सांगतो. माझ्या मते बरोबर केलं. त्यापेक्षा 451 ची कॅल्सिडन परिषद वाचा. ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीचं लिओचं पत्र वाचल्यावर बिशप ओरडले की लिओच्या मुखातून पेत्र बोलला, आणि त्याच परिषदेने कॉन्स्टँटिनोपलला रोमच्या खालोखाल मान देणारा ठराव केला. लिओने तो ठराव मान्यच केला नाही.

शेवटचा ग्रेगरी म्हणजे पैसे वसूल. त्याची साडेआठशेच्या वर पत्रं आज उपलब्ध आहेत, चौदा वर्षांची चौदा पुस्तकं. बरीचशी पत्रं धान्य, कुळं, सिसिलीतल्या जमिनी यांचीच. तिथल्या कारभाऱ्याला तो लिहितो की तू एक वाईट घोडा आणि पाच चांगली गाढवं पाठवलीस. घोडा वाईट म्हणून त्यावर बसता येत नाही आणि गाढवं चांगली असली तरी गाढवंच, म्हणून त्यांच्यावरही बसता येत नाही.

आता चार तारे. पाचवा सूचीचा, तो देणार नाही. दुसरा खंड ग्रंथालयातून आणणार आहे. तिसरा कुणाकडे असेल तर सूचीच्या तेवढ्या पानांची झेरॉक्स पाठवा, टपालखर्च मी देईन. फक्त आधी आवृत्ती बघा.