भुयारी स्थानकाची भूकंप-चाचणी: शेक टेबल की सेंट्रिफ्यूज?

१९९५च्या जपानमधल्या कोबे भूकंपात दाईकाई या भुयारी रेल्वे स्थानकाचे मधले खांब चिरडले, छत खचले. असे वर्तन प्रयोगशाळेत तपासायचे तर पहिला निकष मातीतला ताण. साध्या शेक टेबलवरच्या (भूकंपासारखा हलणारा मंच) छोट्या प्रतिकृतीत तो फारच कमी असतो. त्यामुळे सैल वाळूही घट्ट वाळूसारखी वागते आणि द्रवीकरणाचा (हादऱ्याने ओली वाळू द्रवासारखी होणे) धोका कमी दिसतो. सेंट्रिफ्यूजमध्ये (प्रतिकृती वेगाने गोल फिरवणारे यंत्र) ५० जीला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५० पटीला, १/५० प्रतिकृतीत खरा ताण मिळतो. पण १ हर्ट्झचा हादरा ५० हर्ट्झने द्यावा लागतो, आणि पाण्याऐवजी ५०पट चिकट द्रव वापरला नाही तर छिद्रदाब (मातीच्या कणांमधल्या द्रवाचा दाब) फार लवकर ओसरतो.

सळईकाम मात्र इतक्या लहान खांबात नीट उतरत नाही.

मातीची पेटी दोन्हीकडे लॅमिनारच (एकमेकांवर सरकणाऱ्या थरांच्या भिंतींची) घ्या. ताठ भिंतींवरून लाटा परततात.

द्रवीकरण किंवा बोगदा वर उचलला जाणे अभ्यासायचे असेल तर सेंट्रिफ्यूज. खांब-सांध्यांची मोडतोड पाहायची असेल तर मोठे शेक टेबल.