लोअर आर्मचे बुश: तेच बुश दोनदा बसवले, दुसऱ्यांदा टिकले

माझ्या गाडीच्या पुढच्या लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबरी तुकडे, बदलले आणि पाच महिन्यांत, जेमतेम ६,००० किलोमीटरवर, तोच आवाज परत आला. तेव्हाच हा अनुभव लिहायला बसलो असतो तर सगळा राग बुशच्या कंपनीवर निघाला असता. पुन्हा काम करून घेतल्याला आता ११ महिने आणि १४,००० किलोमीटर झाले आहेत. गाडीत बुश त्याच कंपनीचे आहेत. फरक एकच आहे, बोल्ट कधी आवळला याचा.

सुरुवात ९२,००० किलोमीटरला झाली. ब्रेक दाबला की डाव्या चाकाकडून एकच ‘टक्’ यायचा. रिव्हर्स घेऊन थांबलो की आणखी एक. मी आधी लिंक रॉड (गाडीचा कल आवरणाऱ्या बारला चाकाकडे जोडणाऱ्या बारीक दांड्या) बदलले, आणि तो खर्च वाया गेला. लहानसहान खाचखळग्यांवर सतत खडखड होत असेल तर लिंक रॉडवर संशय घ्यावा. ब्रेकला आणि रिव्हर्सला असा एकेक ठोका येत असेल तर आधी आर्मचे बुश बघा, कारण त्या क्षणी चाक अख्खा आर्म पुढे-मागे ओढतं आणि सैल बुशमध्ये तो तेवढा सरकतो. शिवाय वेगात स्टिअरिंग सारखं थोडंथोडं सावरावं लागत होतं, आणि डावा टायर आतल्या कडेने झिजला होता. मिस्त्रींनी आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म ज्याला बोल्टने जोडलेला असतो तो खालचा सांगाडा) मध्ये पहार घालून दाबली, तेव्हा आर्म डोळ्यांना दिसेल इतका हलला.

अख्खा आर्म घ्यायचा की नुसते बुश? बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) घट्ट होता, आर्म कुठे वाकलेला नव्हता, म्हणून मी नुसते बुश घेतले. चांगली वस्तू टाकून देणं मला जमत नाही. बुश प्रेसवर बसवून घेतले, ते काम नीट झालं होतं. गाडी एकदम शांत झाली आणि मी खूश झालो.

आणि पाच महिन्यांनी पुन्हा ‘टक्’.

यावेळी काढलेला बुश मी घरी आणला आणि ९२,००० ला निघालेल्या बुशशेजारी ठेवला. जुन्याचं रबर कडक झालेलं होतं, सगळीकडून भेगाळलेलं. नव्याचं रबर मऊ, काळंभोर, तेलाचा डाग नाही, बाहेरून एक भेग नाही. फक्त आतल्या नळीला लागून अर्ध्या गोलात सरळ फाटलेलं, दोन्ही आर्मच्या पुढच्या बुशमध्ये जवळपास सारखंच. माल वाईट असता तर दोन्ही बाजूंना एकाच जागी, एकाच तऱ्हेने कशाला फाटला असता? तिथे माझं मत फिरलं.

हा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. रबर आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी सबफ्रेममध्ये जखडली जाते, बाहेरची आर्मबरोबर हलते, आणि मधलं रबर पिळलं जातं. आर्मचं वरखाली होणं म्हणजे या रबराचा पीळ. म्हणून गाडी आपल्या चाकांवर नेहमीसारखी उभी असताना तो पीळ शून्य असायला हवा. खड्ड्यात एका बाजूला पिळलं, उंचवट्यावर दुसऱ्या बाजूला, आणि मग परत सरळ, असं चाललं तर ते वर्षानुवर्षं टिकतं.

माझ्या गाडीचा बोल्ट लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना आवळला होता. मी नंतर मोजून पाहिलं. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत गाडी जमिनीवर असताना ३८ सेंटीमीटर, जॅकवर चाक लटकताना ४७. नऊ सेंटीमीटरचा फरक. बोल्टपासून बॉल जॉइंटपर्यंत आर्म साधारण ३५ सेंटीमीटर लांब. म्हणजे गाडी खाली टेकवताक्षणी रबर सुमारे १५ अंश पिळलं गेलं आणि पाच महिने तसंच राहिलं. गाडी रात्रभर उभी असतानासुद्धा त्याला विसावा नव्हता. प्रत्येक खड्ड्याचा पीळ त्यावर आणखी चढत गेला.

मी गॅरेजात जाऊन विचारलं. मिस्त्री म्हणाले, “साहेब, सगळे वरच आवळतात. रबराची वस्तू आहे, फाटायचीच.” काम फुकटात पुन्हा करून द्यायला ते तयार झाले नाहीत. मला याचा खरोखर संताप आला, कारण गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असताना शेवटचे आवळा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. दोनदा मजुरी, दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). नुसते बुश घेऊन जे वाचवलं होतं ते सगळं यात गेलं.

दुसऱ्या वेळी मी खड्डा असलेलं गॅरेज शोधलं. खड्ड्यावर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते आणि माणूस खालून बोल्टपर्यंत पोचतो, त्यामुळे वादाला जागाच उरत नाही. बोल्ट आधी हाताने, आर्म मोकळा हलेल इतकेच लावले. गाडी खाली घेतली, पुढून-मागून थोडी ढकलली, बॉनेट दोनतीनदा दाबून सोडलं, आणि मग टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, शेवटचं आवळलं. खड्डा नसेल तर बॉल जॉइंटजवळ आर्मखाली जॅक लावून, आधी मोजलेलं ते ३८ सेंटीमीटर अंतर परत येईपर्यंत चाक उचलायचं आणि मग आवळायचं. दुसऱ्या बाजूला स्टँड लावलेला हवा. हे मोजमाप गाडी उचलण्याआधी घ्या, नंतर ते मिळत नाही. मागच्या मोठ्या बुशमध्ये पोकळ खाचा होत्या. त्या कुठल्या दिशेला याव्यात याची खूण आर्मवर असते, तीही जुळवून घेतली. बोल्ट नवे घातले. काही गाड्यांत ते एकदाच वापरायचे असतात.

रबराऐवजी पॉलीयुरेथेनचे (जास्त कडक, प्लास्टिकसारखे) बुश घ्या असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. त्यात आतली नळी बुशमध्ये सरकून फिरते, म्हणून असा पीळ बसत नाही, हे खरं आहे. पण त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं, ते सुकलं की कुरकुर सुरू होते, आणि रस्त्याची थरथर जास्त आत येते. रोजच्या गाडीला मला रबरच हवं होतं.

आता १४,००० किलोमीटरनंतर ब्रेकला आवाज नाही. स्टिअरिंग एका बोटाने सरळ राहतं. कामानंतर लगेच केलेलं अलाइनमेंट गेल्या महिन्यात पुन्हा तपासलं, टो (वरून पाहताना चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप) जागचा हललेला नाही. टायर दोन्ही कडांनी सारखा झिजतोय. बॉल जॉइंटबद्दल मात्र माझं मत बदललंय. तो आता १,१२,००० चालला आहे, आणि तो ढिला झाला तर हाच आर्म तिसऱ्यांदा उतरवावा लागेल. तुमचा तेवढा चाललेला असेल तर अख्खा आर्म घ्या, उघडझाकीची मजुरी जवळपास तेवढीच लागते. मात्र अख्ख्या आर्ममध्येही बुश बहुधा असेच चिकटवलेल्या रबराचे येतात, तेव्हा शेवटचा बोल्ट आवळताना स्वतः तिथे उभे राहा.

परवा टॉर्च घेऊन खाली वाकून पुढचे बुश पाहिले. डावा स्वच्छ आहे, उजव्याच्या कडेला केसाएवढी एक रेघ दिसते. हाताला लागत नाही. फोटो काढून ठेवलाय, या कामाला २०,००० किलोमीटर झाले की परत त्याच जागी बघणार आहे.