जुन्या ट्रॅक्टरला जेसीबी बसवायला गेलो आणि ट्रॅक्टरच मोडून बसलो

माती खणणाऱ्या यांत्रिक हाताला, म्हणजे बॅकहोला, आमच्याकडं कुणी बॅकहो म्हणत नाही. पिवळा हात दिसला की तो जेसीबी. मलाही ट्रॅक्टरच्या मागं लावायचा तसलाच जेसीबी हवा होता. शेत गेवराई तालुक्यात, वर काळी माती, दोन हातांवर मुरूम. पाइपलाइनचे चर, शेततळ्याचा गाळ, बांधाकडेची चारी, एवढ्यासाठी भाड्याचं मशीन सांगायचं आणि चार-चार दिवस त्याची वाट बघायची. घरी 2004 चा 35 एचपी ट्रॅक्टर उभा होता, हप्ते कधीच फिटलेले.

जालन्याकडच्या एका वर्कशॉपात गेलो. अंगणात तयार गाडी उभी होती. दोन्ही बाजूंनी जाड चॅनल, मागच्या ॲक्सलपासून निघून थेट पुढं इंजिनाच्या सपोर्टपर्यंत. "मालक, तुमच्या गाडीला पण हीच चौकट," तो म्हणाला. 2,75,000 ठरले. ट्रॅक्टर तिथंच सोडला, 1 लाख दिले. त्यातले 40,000 फोनवरून, बाकी रोख. पक्क्या बिलाचं विचारलं तर म्हणाला, जीएसटी वरून लागंल. मीही हावरा, म्हटलं राहू दे.

पंधरा दिवसांनी गाडी न्यायला गेलो तेव्हा रंगाचा वास येत होता. हात लावला तर बोटाला पिवळा डाग. तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण नवं मशीन दिसल्यावर माणूस खाली वाकून बघत नाही. उरलेले पैसे मोजले आणि निघालो.

काळ्या मातीत छान चाललं. मुरूम लागला की बकेट अडकायची आणि पुढची चाकं वीतभर उचलायची. मला वाटलं, काय ताकद आहे! अकराव्या दिवशी क्लच हाउसिंगपाशी, म्हणजे क्लचच्या लोखंडी कवचापाशी, धुळीत ओली रेघ दिसली. पुसली, संध्याकाळी परत आली. गावातल्या मिस्त्रीमामांनी टॉर्च धरली आणि एवढंच म्हणाले, "बाळा, हाउसिंग तडकलंय."

ट्रॅक्टरला ट्रकासारखी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स हे एकाला एक बोल्टांनी जोडलेले, तोच त्याचा कणा. मागून जेसीबी ओढतो तेव्हा सगळा पीळ त्या जोडांवर येतो. तो अंगावर घ्यायलाच पुढपर्यंतची चौकट असते. मामांनी बाजूचा पत्रा काढला. चौकट ॲक्सलच्या पुढं फूटभरावर संपलेली! पुढं दिसत होता तो नुसता पिवळा पत्रा. वायर ब्रश मारला तर लांबीच्या, म्हणजे पुट्टीच्या, खपल्या निघाल्या, जशा गाडीचा पोचा बुजवून वर मारतात तशा. खाली सलग वेल्डिंग नाही, नुसते टाके. बोल्टांच्या डोक्यावर 8.8 असा आकडा हवा, म्हणजे तो हायटेन्साईल, जास्त ताण सोसणारा. आमचे सगळे कोरे.

पंपाचीही तीच गत. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, वेगळा पंप आणि तेलाची वेगळी टाकी देतो म्हणाला होता. टाकी होती, पण रिकामी. पाइप ट्रॅक्टरच्याच अवजारं उचलायच्या लिफ्टला जोडलेला. आमच्या गाडीत लिफ्टचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच. सिलिंडर जुने, सील गेलेले, त्यांचा सगळा कचरा गिअरबॉक्समध्ये. हे ऐकल्यावर मला तडकलेल्या हाउसिंगपेक्षा जास्त वाईट वाटलं.

भंगारातून जुनं हाउसिंग, तेल, मजुरी मिळून 62,000 गेले. वर वकिलांनी आणखी एक सांगितलं: आरटीओच्या मंजुरीशिवाय गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतो, अपघात झाला असता तर विमा कंपनीनं तेच पुढं केलं असतं. ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांच्या आत. तिथंही पहिला प्रश्न हाच, की मशीन धंद्यासाठी घेतलं का? स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलं असेल तर चालतं, ते दाखवावं लागतं. माझ्या हातात पुरावा म्हणाल तर 40,000 ची फोनवरची नोंद आणि 'जेसीबी मशीन' एवढंच लिहिलेली चिठ्ठी.

परवा आमचे दाजी असंच मशीन बघायला निघाले होते. त्यांना सांगितलं, गाडी रंगवायच्या आधी जा, गोणपाट टाकून खाली झोपा, चौकट कुठं संपते ते हातानं चाचपा, फोटो काढा, मगच पुढचे पैसे. आणि मुरुमात चालवून बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. रंगवलेलीच गाडी पुढं केली तर परत फिरा.

गेल्या आठवड्यात त्या वर्कशॉपवाल्याचा फोन आला. मला वाटलं, वकिलांची नोटीस पोचली म्हणून घाबरला. तर म्हणतो, "मालक, ते मशीन तुमच्याकडं पडूनच आहे ना? साठ हजारांत परत घेतो. परभणीकडचं एक गिऱ्हाईक आलंय."

मशीन गोठ्यामागंच आहे. खरवडलेल्या जागी आता गंज धरलाय, मी पुसत नाही.