चार चॅनेलचा स्ट्रेन इंडिकेटर: आठ महिने वापरून, आणि मागच्या त्या टर्मिनलबद्दल

बुधवारी संध्याकाळी चौथ्या चॅनेलचा आकडा पुन्हा उडाला. ब्रॅकेट स्टँडवर, भार काही नाही, कुणाचा हात लागलेला नाही आणि पडद्यावर एकदम ४१० मायक्रोस्ट्रेन (लांबीत दहा लाखांत एका भागाचा फरक म्हणजे एक मायक्रोस्ट्रेन). मागची वायर बोटाने जरा दाबली की आकडा खाली, सोडली की वर. नोव्हेंबरपासून हा डबा, म्हणजे भाराखाली धातू किती ताणला जातो ते दाखवणारा स्ट्रेन इंडिकेटर, वापरतोय. ओळखीच्या चार-पाच कारखानदारांना "घ्या, चांगला आहे" असं मीच सांगितलंय. म्हणून त्या मागच्या टर्मिनलबद्दलही मीच लिहायला हवं.

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. उचलण्याचे ब्रॅकेट, मोटरचे बेस, असलं काम. गिऱ्हाईक आता नुसत्या ड्रॉइंगवर भागवत नाही, प्रत्यक्ष ताण मोजून आकडे मागतं. बाहेरून मोजून घ्यायचं तर दर वेळी माणूस, गाडी, दिवसाचं भाडं. तीन कामांच्या पैशांत डबा येत होता, म्हणून घेतला. ५२ हजार, वर जीएसटी.

सुरुवातीला फार खूश होतो. डिसेंबरात २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड स्टीलची पट्टी एका टोकाला व्हाइसमध्ये धरली, गेज (ताणल्यावर विजेचा रोध बदलणारी बारीक धातूची जाळी) चिकटवला आणि गेजच्या मध्यापासून २०० मिमीवर १ किलोचं वजन टांगलं. हिशोबाने ताण ५२.३ मेगापास्कल (चौरस मिलिमीटरला तेवढे न्यूटन), म्हणजे स्टीलमध्ये २६२ मायक्रोस्ट्रेन. डब्याने दाखवले २५७. वजन काढलं, शून्यावर परत. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. कागदावर मांडलेला आकडा आपल्याच टेबलावर उमटलेला पाहून खरंच आनंद झाला. कॅलिब्रेशनचं बटणही उत्तम: दाबलं की आतला ५९.८८ किलो-ओहमचा रेझिस्टर १२० ओहमच्या गेजला समांतर लागतो आणि १००० यायला हवेत. माझ्याकडे ९९८ येतात. एक लक्षात ठेवा, हे बटण डब्याची परीक्षा घेतं, गेजखालच्या ग्लूची नाही. गेज नीट चिकटला नसेल तरी बटण दाबल्यावर हजारच दिसतील.

आता टर्मिनल. जुन्या टेपरेकॉर्डरच्या स्पीकरमागे असायचं तसं, दाबून वायर घालायचं. स्पीकरला चालतं. इथे १००० मायक्रोस्ट्रेन म्हणजे गेजच्या १२० ओहममध्ये फक्त ०.२४ ओहमचा फरक. त्या स्प्रिंगच्या पकडीत एक दशांश ओहम इकडचा तिकडे झाला तर आकडा ४१७ ने हलतो, स्टीलमध्ये ८३ मेगापास्कल. हा ताण लोखंडात कुठेच नसतो, तो फक्त टर्मिनलमध्ये असतो, आणि रिपोर्टवर सही माझी. ज्या डब्याच्या आतलं सर्किट एक मायक्रोस्ट्रेन ओळखतं, त्याला बाहेरून ही पकड का लावली, हे मला आठ महिन्यांत कुणी समजावून सांगितलेलं नाही.

जानेवारीत पहिली तक्रार केली. "वायरच्या टोकाला लग क्रिम्प करा" (धातूचं टोक दाबून बसवा) असं उत्तर आलं. केलं, फरक पडला. मग मे महिना आला. शेडमध्ये दुपारी ४२ अंश. सकाळी सातला शून्य केलेला आकडा दुपारी तीनला १४० वर. भार नाही, काही नाही. मी सरळ टर्मिनलवर खापर फोडलं आणि सर्व्हिसवाल्यांशी दहा दिवस भांडलो. फोनवर आवाज चढवला, ईमेलमध्ये कडक शब्द वापरले. त्यांचं एकच, "साइटचा प्रॉब्लेम आहे."

त्यातलं अर्धं बरोबर होतं, हे इथे लिहिणं माझं कर्तव्य आहे.

दांडिया बाजारात आमच्या वाड्याशेजारी एक काका राहतात. ज्या कलाभवनाची सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापना केली, तिथल्याच टेक्नॉलॉजी फॅकल्टीच्या प्रयोगशाळेत त्यांची उभी नोकरी झाली. रविवारी त्यांना स्कूटरवर बसवून शेडवर आणलं. त्यांनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वायर हातात घेऊन गेजपर्यंत चालत गेले आणि म्हणाले, "अरे, तिसरी तार कुठाय?"

"काका, दोननेच चालतंय की. पत्रकात तसंच चित्र आहे."

"चालतंय, पण तू लोखंड नाही मोजत आहेस. तांबं मोजतोयस."

मग पाठकोऱ्या चलनावर हिशोब करून दाखवला. गेजपर्यंत पाच मीटर, जाऊन-येऊन दहा मीटर बारीक वायर, मीटरला सुमारे ०.०८ ओहम. एकूण ०.८. तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्के वाढतो, १० अंशांना ०.०३ ओहम. म्हणजे जवळपास १३० मायक्रोस्ट्रेन, २६ मेगापास्कल, नुसत्या उन्हाने! गेजच्या एकाच टोकाला दोन तारा जोडल्या की येणारी एक तार ब्रिजच्या (डब्यातल्या चार बाजूंच्या मोजणीच्या सर्किटच्या) एका बाजूत जाते, जाणारी शेजारच्या बाजूत. दोघी सारख्याच तापतात आणि एकमेकींचा परिणाम पुसून टाकतात. त्या दिवशी तीन चॅनेलना तिसरी तार ओढली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आकडा ९. सर्व्हिसवाल्यांना फोन करून मी माफी मागितली. पण दोन तारांचं चित्र पत्रकात पहिल्या पानावर आणि तीन तारांचं अकराव्या पानावर छापायचं, हे चुकीचंच आहे. आणि माफी मे महिन्यापुरती होती, टर्मिनलपुरती नाही.

काकांकडूनच कळलं की बारीक तार पृष्ठभागावर चिकटवून ताण मोजायची युक्ती १९३८ मध्ये अमेरिकेत दोन ठिकाणी, एकमेकांना ठाऊक नसताना निघाली: कॅलिफोर्नियात सिमन्स आणि एमआयटीत रूज. रूज भूकंपात पाण्याच्या टाक्यांचं काय होतं ते पाहत होता. ताणल्यावर तारेचा रोध बदलतो हे केल्विनने १८५६ मध्येच सांगितलं होतं.

डब्याचे पैसे कुठे वसूल झाले तेही सांगतो. जूनमध्ये एका ब्रॅकेटला वेल्डजवळ वारंवार तडे जात होते. गिऱ्हाइकाच्या संगणकावर ताण मर्यादेत होता. आम्हीही नेहमीसारखं चार बोल्ट आवळून मग शून्य करत होतो. या वेळी बोल्ट सैल असतानाच शून्य केलं, ब्रॅकेटच्या हाताच्या मोकळ्या कडेवर गेज लावून. कडेवर ताण कडेच्याच दिशेने असतो, म्हणून एक गेज पुरतो. मधोमध पत्र्यावर तीन दिशांची रोझेट (तीन गेजची एकत्र जोडणी) लागते. पहिला बोल्ट आवळला, ४०. दुसरा, ९५. चौथ्या बोल्टला ३१०. भार चढायच्या आधीच ६२ मेगापास्कल! वेल्डिंगने बेस प्लेट ओढली गेली होती, खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सहज सरकत होता. प्लेट मशिनिंग करून सपाट केली, तोच आकडा ३५ वर आला. वेल्डिंगने आत अडकलेला ताण मात्र या पद्धतीने दिसत नाही. गेज चिकटवल्यानंतर जो बदल होतो तेवढाच तो सांगतो.

पावसाळ्यासाठी एक सूचना: गेज झाकायला आंबट वासाचं सिलिकॉन लावू नका. त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि फॉइल खराब होतं. माझे तीन गेज असे गेले. वास नसलेलं न्यूट्रल सिलिकॉन आणा, थोडं महाग पडतं.

आता वॉरंटी चार महिने उरली आहे, म्हणून डबा उघडत नाही. पहिल्या तीन चॅनेलच्या टर्मिनलमध्ये वीतभर वायरी कायमच्या घालून ठेवल्या आहेत, बाहेर त्यांना नऊ पिनांचे कनेक्टर सोल्डर केले आहेत. रोज जोडणं-काढणं तिथे होतं, स्प्रिंगला कुणी हात लावत नाही. बुधवारपासून आजपर्यंत तीनही स्थिर आहेत. चौथ्याची स्प्रिंगच बसली आहे, तिथे हा उपाय चालत नाही. कंपनी म्हणते टर्मिनल वेगळं मिळत नाही, मागचं आख्खं पॅनल घ्या, ६,४०० रुपये, आणि ते झिजणाऱ्या वस्तूंत मोडतं म्हणून वॉरंटीत नाही. मी काल लेखी विचारलंय की ज्यातून मोजमाप आत जातं ती गोष्ट झिजणारी कशी धरली. उत्तर आलेलं नाही. चौथ्या चॅनेलवर लाल टेप लावून ठेवली आहे.