पीआरवर (परदेशात कायम राहण्याच्या परवान्यावर) थांबावं की नागरिकत्व घ्यावं?

परक्या देशात कायमचं राहायचं ठरलं की पुढे हा प्रश्न येतोच. नोकरी, घर, मुलांची शाळा यांत दोन्हींमध्ये फारसा फरक जाणवत नाही. फरक कळतो तो देशाबाहेर लांबचा मुक्काम करायची वेळ आल्यावर.

कॅनडाचंच घ्या. तिथे पीआर टिकवायला ५ वर्षांत किमान ७३० दिवस देशात राहावं लागतं. आईवडील आजारी पडले, मुक्काम लांबत गेला, की हा हिशोब डोक्यावर बसतो. परिस्थिती सांगून दाद मागता येते, पण खात्री नसते. नागरिकाला ही चिंताच नाही. नागरिकत्वाच्या अर्जासाठी मात्र आधीच्या ५ वर्षांतले १०९५ दिवस तिथे काढलेले लागतात. शिवाय गंभीर गुन्ह्यात पीआरवाल्याची हकालपट्टी होऊ शकते, हेही विसरू नये.

मतदानाचा हक्क बहुतेक ठिकाणी नागरिकांनाच असतो. न्यूझीलंड हा ठळक अपवाद.

पीआरची बाजू भक्कम होते ती जुन्या पासपोर्टमुळे. जर्मनीने २०२४ मध्ये दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, पण जपानचं नागरिकत्व घेताना आधीचं सोडावं लागतं. ते सुटलं की मायदेशी परतून राहण्याचा हक्क, जमीनजुमला, सगळ्याचेच नियम बदलू शकतात.

परतायचं नाही हे पक्कं असेल, तर मी नागरिकत्वच घ्या म्हणेन. मन अजून डळमळत असेल तर पीआर ठेवा, फक्त प्रत्येक प्रवासाच्या तारखा नीट लिहून ठेवा.